कॉम्प्युटरचं माहेर

(सात रस्ता, सोलापूर इथं झालेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागं दारापाशी उभे असलेले भाऊ,

पत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘मुली आणि संगणक’ असा विषय छापला आहे. या विषयावरची भाषणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. संगणकाचं युग आहे, मुलींनी मागं राहू नये, एका बोटावर जग आलं आहे. टाळ्या होतात, पाहुण्यांना नारळ आणि चादर देतात, आणि मुली घरी जातात. पुढं त्यातल्या काहीजणी कोर्स करतात. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं जातं आणि मुलगी बघायला पाहुणे आले की बाहेर काढलं जातं. ते भाषण मी करणार नाही. मी तुम्हाला एका सहलीची हकीकत सांगणार आहे. सहल फार लांबची नाही. इथून रिक्षानं पूर्व भागात जायचं, एवढीच.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या केंद्रात संध्याकाळी मुलींचा वर्ग चालतो. बहुतेकींच्या आया विडी वळतात, काहींचे वडील मागावर आहेत, काहींचे होते. सहा जुने कॉम्प्युटर आहेत, त्यातले चार चालतात. एक दिवस शिकवणाऱ्या ताईनं मुलींना परदेशातल्या एका संग्रहालयाची फिल्म दाखवली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला संगणकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथली गंमत अशी की यंत्रं काचेत कोंडलेली नाहीत. चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर चालू स्थितीत मांडून ठेवलेत आणि येणाऱ्यानं खुर्ची ओढून बसायचं, बटणं दाबायची. एक प्रचंड यंत्र तर भिंतीएवढं आहे, दहा मीटर लांब. आपल्या फोनमध्ये नखाएवढ्या तुकड्यात जे काम चालतं ते डोळ्यांना दिसावं म्हणून एका माणसानं दिवे लावून ते एवढं मोठं बांधलं. मुली हरखून गेल्या. आपल्याकडं संग्रहालय म्हटलं की ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी पहिली दिसते. नाही म्हणायला मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, १९८५ पासून, तिथं हात लावून विज्ञान शिकता येतं. पण सोलापुरातून मुंबईला अकरा मुली न्यायच्या म्हणजे गाडीभाडं आलं, मुक्काम आला, आणि सगळ्यात मोठं म्हणजे अकरा बापांची परवानगी आली.

मुलींचा प्रश्न होता, ‘ताई, आपल्याकडं असलं काही आहे का?’

मग आम्ही पुस्तकं काढली. आणि एक गोष्ट लक्षात आली. संगणकाचा इतिहास सांगणारं कुठलंही पुस्तक घ्या, पहिल्या काही पानांत कॉम्प्युटर नसतो, माग असतो. विणकराचा माग. त्यावर टांगलेली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. ते चित्र बघून आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘हे तर आमच्या गल्लीत आहे की!’

खरंच आहे. जे बघायला लोक विमानानं जातात ते आपल्या गल्लीत आहे. त्यावर पाटी नाही, एवढाच फरक.

तेव्हा आम्ही एका यंत्रमाग कारखान्यात गेलो. मालकांना आधी भेटून विचारलं. त्यांना वाटलं, आम्ही किमान वेतनाचं काही काढणार. तसं काढायलाही हरकत नव्हती, पण त्या दिवशी हेतू तो नव्हता. जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा अर्धा तास आणि सुट्टी मिळून दीड तास त्यांनी दिला. अट एकच, ओढण्या घट्ट खोचायच्या आणि केस बांधायचे. ही अट मात्र रास्त होती. चालत्या पट्ट्यात ओढणी सापडली की काय होतं ते इथं बसलेल्या काहीजणींनी पाहिलेलं आहे.

आत गेल्यावर पहिला धक्का आवाजाचा. पूर्व भागात राहणाऱ्या मुलींना तो आवाज बाहेरून पाठ असतो, पण आत उभं राहणं वेगळं. बोललेलं ऐकू येत नाही, खुणांनी बोलायचं. हवेत कापसाची भुकटी. आणि मान वर केली की मागाच्या डोक्यावर जेकार्ड. त्याला पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांची माळ, एकीला एक दोऱ्यानं शिवलेली. माग एकदा हलला की माळ एका पट्टीनं पुढं सरकते.

सुट्टीत माग थांबला तेव्हा मागावरच्या अण्णांनी मुलींना सगळं उलगडून दाखवलं. मराठी, तेलुगू, मध्येच कानडी, असं आपलं सोलापुरी. मी माझ्या शब्दांत सांगते. चादरीत उभे धागे असतात आणि आडवा धागा धोट्याबरोबर जातो. कुठला उभा धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा यावर फूल उमटतं. साध्या कापडात हे सोपं, एक वर एक खाली. पण मोर काढायचा असेल तर प्रत्येक आडव्या धाग्याला वेगळा हिशेब लागतो. तो हिशेब पट्टीवर आहे. पट्टी सुयांवर येऊन टेकते. जिथं भोक आहे तिथं सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हूक सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे हो, पुठ्ठा म्हणजे नाही. एक आडवा धागा, एक पट्टी.

कॉम्प्युटर याहून वेगळं काही बोलत नाही, मैत्रिणींनो. त्याच्या पोटात एक आणि शून्य आहे म्हणतात ते हेच, हो आणि नाही. वर्गात तीन आठवडे जे मुलींच्या डोक्यात शिरत नव्हतं ते तिथं पाच मिनिटांत शिरलं, कारण बोट घालून बघता आलं.

मग एकीनं विचारलं, ‘भोक बुजवलं तर?’ अण्णा हसले. संपत आलेल्या मालाचा शेवटचा तुकडा मागावर होता, त्यामुळं त्यांनी परवानगी दिली. एका पट्टीवरची ओळीनं पाच-सहा भोकं चिकटपट्टीनं बुजवली आणि माग चालवला. फुलाच्या पाकळीत एक बारीक रेघ तुटली. आणि नुसती एका फुलात नाही, पन्ह्यात जितक्या वेळा ते फूल होतं तितक्या ठिकाणी, त्याच जागी. मुली कापडावर वाकून तुटलेली रेघ शोधत होत्या आणि तिथून मागं पट्टीपर्यंत जात होत्या. चूक कापडावर दिसते, पण ती असते हुकमात. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं दिवसभर हेच करतात आणि त्याचा पगार घेतात. चिकटपट्टी काढली, रेघ परत जुळली.

हे यंत्र ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो जोसेफ मारी जाकार हा फ्रान्समधल्या ल्यों गावचा. ल्यों म्हणजे रेशमाचं गाव, तिकडचं आपलं येवला-पैठण म्हणा. १८०४ साली त्यानं हे यंत्र पुरतं बसवलं. त्याच्या आधी ऐंशीएक वर्षं तिथलेच दुसरे कारागीर भोकं पाडलेल्या कागदावर आणि पुठ्ठ्यावर खटपट करत होते, नाव मात्र याचं राहिलं. तेही चालतं. माझं लक्ष वेधलं ते यंत्र येण्याआधी हे काम कोण करत होतं याकडं. नक्षीचं कापड विणताना विणकराच्या जोडीला एक जण मागाच्या बाजूला बसून दोऱ्यांचे जुडगे ओढून धरी. ल्योंमध्ये या कामावर बहुतांशी गरीब घरच्या, खेड्यातून आलेल्या मुली असत. दिवसभर वजनदार दोऱ्या ओढून त्यांची अंगं वाकडी होत. कुठला जुडगा कधी ओढायचा हे त्यांच्या डोक्यात किंवा त्यांच्यासमोर गाठींच्या खुणांत असे. जाकारच्या यंत्रानं ते डोक्यातलं काढून पुठ्ठ्यावर उतरवलं. त्या पोरींची सुटका झाली असं म्हणणारे आहेत आणि त्यांची भाकरी गेली असं म्हणणारेही. दोन्ही खरं आहे. यंत्र आलं की बाईच्या वाट्याला ही दोन्ही एकदमच येतात. आपल्याला सोलापुरात हे कुणी समजावून सांगायला नको.

पुढची गोष्ट इंग्लंडमधली. चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञानं आकडेमोडीचं एक मोठं यंत्र कल्पलं आणि त्याला हुकूम द्यायला हीच भोकांची पट्टी घ्यायची ठरवली. त्या यंत्रावर १८४३ साली एका बाईनं सविस्तर टिपणं लिहिली, तिचं नाव एडा लव्हलेस. यंत्रानं कुठल्या क्रमानं काय करायचं याची पायरीपायरीनं मांडणी तिच्या टिपणांत आहे, म्हणून तिला जगातली पहिली प्रोग्रॅमर म्हणतात. जाकारचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र गणित विणेल, हे सादृश्य तिनं मांडलं. हे यंत्र आकड्यांपलीकडं संगीतासारख्या गोष्टींवरही काम करू शकेल, हेही तिला दिसलं होतं. आणि टिपणांखाली सही काय? पूर्ण नाव नाही, नुसती आद्याक्षरं. ती उमराव घराण्यातली होती, तिला वेळ होता, शिक्षक होते. तिच्या घरी भांडी घासणारीला ते नव्हतं, हेही मनात असू द्यावं. छत्तीसाव्या वर्षी ती कर्करोगानं गेली. आपल्याकडं सावित्रीबाई आणि जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे या टिपणांनंतर पाचच वर्षांनी. मी मनात या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवते.

बॅबेजचं यंत्र काही पुरं झालं नाही. भोकाच्या पुठ्ठ्याला खरी नोकरी लागली ती अमेरिकेत, १८९० च्या जनगणनेत. हर्मन हॉलरिथ यानं माणसागणिक एक कार्ड आणि माहितीगणिक एक भोक अशी युक्ती काढली. ती भोकं पाडायला टेबलांवर मोठ्या संख्येनं कोण बसवलं होतं? बायका. पुढं याच धंद्यातून आयबीएम ही कंपनी उभी राहिली. आपल्या देशातही विमा, रेल्वे अशा ठिकाणी कार्डं आली आणि कार्डं पाडणाऱ्या ‘पंच ऑपरेटर’ मुली आल्या.

आता एक गंमत. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आधी यंत्राला नव्हता, माणसाला होता. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही कॉम्प्युटर बहुधा बाई असे. मराठीत आपण शब्द केला संगणक, आणि त्याला बिनबोभाट पुल्लिंगी करून टाकलं. तो संगणक. व्याकरणवाल्यांशी मी भांडत नाही, पण नोंद असावी.

१९४६ साली फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला एनियाक नावाचं यंत्र जाहीर झालं. खोलीभर पसरलेलं. तोफेचा गोळा कुठं पडेल याचा हिशेब ते काही सेकंदांत करी. ते जाहीर होताना जो हिशेब पाहुण्यांना करून दाखवला तो यंत्रात घातला होता सहा जणींनी. त्यांची नावं मी मुद्दाम वाचते: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास, रूथ लिक्टरमन. हाताशी पुस्तक नाही, शिकवणारा नाही, नुसते नकाशे बघून त्या हे शिकल्या. त्या रात्री मेजवानी झाली. या सहा जणींना आमंत्रण नव्हतं. छायाचित्रांत त्या उभ्या आहेत, खाली नाव नाही. १९८० नंतर कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं विचारलं, या बायका कोण, तर तिला सांगण्यात आलं की यंत्र चांगलं दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. तिनं चिकाटीनं त्यांना शोधून काढलं म्हणून आज आपल्याला नावं माहीत आहेत.

पण मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती चंद्राची गोष्ट. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्या यानात एक छोटा कॉम्प्युटर होता, त्यातले हुकूम हरवून चालणार नव्हते. म्हणून ते विणले होते. मी अलंकारिक बोलत नाही. बारीक बारीक चुंबकी कडी ओळीनं मांडलेली, त्यातून तांब्याची तार ओवायची. कड्यातून तार गेली तर एक, बाजूनं गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीत बायका समोरासमोर बसून सुई या बाजूनं त्या बाजूला देत हे विणत. कापड गिरणीत आणि घड्याळाच्या कारखान्यात बारीक कामाला हात बसलेल्या बायका या कामाला घेतल्या होत्या. कुठल्या कड्यातून सुई घालायची ते दाखवायला भोकं पाडलेली पट्टी होती, तीच आपली ओळखीची. एक तार चुकली तर पुन्हा उलगडा, म्हणजे हातावर केवढा भरवसा! आणि इंजिनिअर लोकांनी या कामाला ठेवलेलं टोपणनाव काय, तर ‘म्हाताऱ्या बायांची मेमरी’. कौतुक आणि हिणवणं एकाच शब्दात कसं बसवतात ते बघा.

त्याच सुमाराला, १९६५ ते १९७५, न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकला फेअरचाइल्ड कंपनीचा कारखाना होता. तिथं नावाहो या आदिवासी समाजातल्या शेकडो बायका कॉम्प्युटरचे बारीक भाग जुळवत. कंपनीनं आपल्या पुस्तिकेत त्यांच्या पारंपरिक सतरंजीचं चित्र छापलं. सुचवायचं असं की विणकाम यांच्या रक्तातच आहे, तेव्हा हे काम यांना जन्मतःच येतं. मैत्रिणींनो, या वाक्यापासून जपून राहा. ‘तुमच्या रक्तातच आहे’, ‘बायकांची बोटं मुळातच नाजूक’, ‘चिकाटी बायकांना देवानंच दिली’, असं कुणी म्हणालं की समजावं, मजुरी कमी धरणार. जे जन्मतः येतं ते कौशल्य नाही, आणि जे कौशल्य नाही त्याचा दर नाही. विडीचं दुसरं काय आहे? दिवसाला हजार विड्या एकसारख्या वळणं हे साधं काम आहे काय? एखाद्या अधिकाऱ्याला पंचवीस वळायला बसवा.

आपल्या महाराष्ट्राचा भागही यात आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देशातल्या लोकांनी इथंच बांधलेला कॉम्प्युटर १९६० साली चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. त्याच्याही पोटात तारेत ओवलेली चुंबकी कडीच होती. पुढं कार्यालयांत यंत्रं येऊ लागली तशी कामगार संघटनांनी विरोध केला, नोकऱ्या जाणार म्हणून. सरकारनं समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ चा. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकनं परम हा महासंगणक केला आणि आज पुण्याचं हिंजवडी आपल्या मुलांना जवळचं वाटतं, सोलापूरच्या एमआयडीसीपेक्षा.

आता मी परत त्या कारखान्यात येते, कारण मुख्य माणूस राहिलंच.

सगळे मागाभोवती गोळा झाले होते तेव्हा कोपऱ्यात पोत्यावर एक अक्का बसल्या होत्या. पन्नाशीच्या. तुटलेल्या माळेच्या पट्ट्या दोऱ्यानं शिवत होत्या. जेवणाची सुट्टी होती, पण त्या काम करत होत्या, कारण त्यांचा हिशेब नगावर आहे. एका मुलीनं त्यांच्या ढिगातली एक पट्टी उचलून बघितली आणि परत ठेवली. अक्कांनी ती तिथून काढून दुसऱ्या ठिकाणी सरकवली. मुलीनं विचारलं, कसं कळलं? त्या तेलुगूत म्हणाल्या, ही किनारीची आहे, तू फुलात ठेवलीस. पट्ट्यांवर क्रमांक होते, पण त्या क्रमांक वाचत नव्हत्या. त्यांना वाचताच येत नाही. त्या भोकं वाचत होत्या. पट्टी उजेडाकडं धरायची आणि सांगायचं, ही मोराच्या मानेची. मालक शेजारी उभे होते, तेही म्हणाले, नवीन डिझाइन चढवताना कुठं बिघडलं तर आम्ही अक्कांनाच बोलावतो.

हजेरीपटावर त्यांचं पद काय? मदतनीस. कांड्या भरणाऱ्या बायका, पट्ट्या शिवणाऱ्या, गाठी मारणाऱ्या, सगळ्या मदतनीस. मागावर जो उभा तो कारागीर. दर त्याप्रमाणं. मी मालकांना विचारलं, चूक शोधायला जिला बोलावता ती मदतनीस कशी? ते म्हणाले, ताई, पूर्वीपासून तसंच लिहितात. खोटं नव्हतं त्यांचं. पूर्वीपासून तसंच लिहितात, हाच तर मुद्दा आहे.

आणि हेही आता फार दिवस राहणार नाही. पुठ्ठ्याच्या जागी विजेवर चालणारं जेकार्ड येतं आहे. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, ती सरळ मागाला जाते. पट्टी नाही, माळ नाही, शिवणारी नाही. मोठ्या कारखान्यांनी ते घेतलं, लहान मालकांना परवडत नाही म्हणून अजून पुठ्ठा आहे. ज्यांनी घेतलं तिथं डिझाइनच्या खुर्चीवर कोण बसलं, ते मी चार ठिकाणी जाऊन विचारलं. मालकाचा मुलगा, पुतण्या, एका ठिकाणी पुण्याहून येणारा तरुण. बाई एकाही ठिकाणी नाही. मोर कुठल्या भोकात आहे हे जिला वीस वर्षं ठाऊक आहे तिला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि तिची दहावी झालेली मुलगी आमच्या वर्गात पत्र टाइप करायला शिकते आहे!

आमच्यातल्याच एका कार्यकर्तीनं यावर मला चांगलं फटकारलं. ती म्हणाली, तू मागाचं कौतुक करत बसू नकोस. आमच्या आयांच्या छातीत तो कापूस गेला. मुलींना त्या शेडमधून बाहेर काढायचं की परत आत घालायचं? पुण्याला जाऊ दे त्यांना. तिचं म्हणणं मी टाळणार नाही. जिला पुण्याला जायचं तिनं जावंच, आम्ही स्टेशनवर पोचवायला येऊ. पण दर वर्षी वर्गातून किती जाऊ शकतात? बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेल्या इथंच राहणार, लग्न होऊन याच गल्लीतून त्या गल्लीत जाणार. डिझाइनचं काम शेडमध्ये करायचं नसतं, ते टेबलावरचं काम आहे, स्वच्छ खोलीतलं. सोलापूरच्या धंद्यातलं असं जे एक काम आहे ते मुलींच्या हाती यावं असं म्हटलं तर त्यात मागाचं कौतुक कुठं आलं?

इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी १९६२ साली एक कंपनी काढली. मुलं झाली म्हणून नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायकांना घरी बसून प्रोग्रॅम लिहायचं काम दिलं. पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्या स्टीव्ह अशी सही करू लागल्या. मग उत्तरं आली. त्यांच्या घरकामवाल्या बायकांनी काँकॉर्ड विमानासाठीचं काम केलं. आमच्या वस्तीतही बायका घरी बसूनच काम करतात, सूप मांडीवर घेऊन. घर तेच, मांडी तीच. फरक कशात आहे तो कामाच्या दरात आणि हिशेब कुणाच्या हातात आहे त्यात.

हिशेबाचंच सांगते. वर्गातल्या एका मुलीनं कॉम्प्युटरवर तक्ता करायला शिकल्यावर पहिला तक्ता केला तो आईच्या विड्यांचा. रोज पान किती मिळालं, तंबाखू किती, विड्या किती दिल्या, छाट किती काढली, पैसे किती. तीन महिने रोज रात्री. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी तिला दिसलं की छाट आठवड्यातल्या ठराविक वारीच जास्त निघते, जेव्हा विशिष्ट माणूस मोजायला असतो. माय-लेक तो कागद घेऊन गेल्या. भांडण झालं नाही. कागद नुसता टेबलावर ठेवला. पुढच्या आठवड्यापासून छाट कमी झाली. शेजारच्या सात जणींनी तिला विचारलं, आमचाही करून देशील का? आता ती आठ घरांचे तक्ते ठेवते. हे तिच्या सर्टिफिकेटवर कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून आज तुमच्यासमोर काही मागणं ठेवते. डिझाइनच्या संगणकाचं प्रशिक्षण जिथं जिथं सरकारी पैशातून होतं तिथं कारखान्यातल्या मदतनीस बायकांना आणि त्यांच्या मुलींना जागा राखून ठेवाव्यात, त्यासाठी शिक्षणाची अट शिथिल करावी. अक्कांसारखीला भोकं वाचता येतात, पडद्यावरचे चौकोन वाचायला तिला महिना पुरे. जोडीला लिहितावाचता येणारी मुलगी बसवा. हजेरीपटावरच्या पदनामाचा प्रश्न कामगार कार्यालयाकडं नेण्यासाठी आम्ही बायकांच्या कामाची वर्णनं लिहून घेतो आहोत, कोण काय करतं, किती वर्षं, काय चुकलं तर कुणाला बोलावतात. ज्यांच्या घरी अशी बाई आहे त्यांनी आज जाताना टेबलापाशी नाव द्यावं.

आणि संग्रहालय. मोठ्या गिरण्या गेल्या. १८७७ सालच्या जुन्या गिरणीचं आता नाव उरलं, यंत्रं भंगारात गेली. पुठ्ठ्याच्या माळाही तशाच जाणार, खरं तर चालल्याच आहेत, किलोवर विकतात. एका मालकांनी आम्हाला जुनं जेकार्ड आणि तीन माळा फुकट देऊ केल्यात, उचलून न्या म्हणाले. टेम्पोभाडं आम्ही जमवू. प्रश्न ठेवायच्या जागेचा आहे. कोरडी जागा पाहिजे, पावसात पुठ्ठा फुगतो, आणि उंदरांचा बंदोबस्त पाहिजे. दहा बाय बाराची खोली चालेल, छत मात्र उंच हवं, कारण जेकार्ड वर बसतं. तिथं ‘हात लावू नये’ अशी पाटी लावायची नाही, हे मुलींनी आधीच ठरवून टाकलंय. अक्कांनी रविवारी दोन तास यायचं कबूल केलं आहे, त्याचे पैसे मात्र रोखीनं आणि त्याच दिवशी द्यायचे, अशी त्यांची अट आहे. आम्ही ती मान्य केली. दिवाळीच्या आत जागा मिळाली नाही तर मालक माळा विकणार आहेत, तेव्हा कुणाच्या माहितीत खोली असेल तर आजच सांगा.